रूट साहेबांना अनावृत पत्र

मा. रूट साहेब यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक लिनक्स वर्कस्टेशनवर आपण विराजमान आहात. आपल्या परवानगीवाचून कोणाचे काम अडले नाही, असा दिवस जात नाही. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला टपालही मोठेच. रात्रीच्या बॅकअपचे रडगाणे क्रॉन आपल्यालाच लिहून कळवतो. डिस्कवर पाळत ठेवणारा स्मार्टडीही आपल्याच चरणी तक्रार घालतो. मध्यंतरी एक डिस्क गेली. शोक आवरून आपली पेटी उघडली, तर सगळे इशारे तारीखवार, शिस्तीत पडलेले. एकही वाचलेला नाही. असे वैराग्य भल्याभल्यांना जमत नाही.

मग विभागाने सुधारणा केली. इशारे आता माणसांच्या जीमेलवर जावेत असे ठरले आणि प्रत्येक वर्कस्टेशनवर पोस्टफिक्स बसवून ‘ज्याचे टपाल त्याने पोचवावे’ असा आदेश निघाला. काय ही लोकशाही! १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले, तेव्हा हे खपले असते. कोणीही यावे, आपले नाव सांगावे, समोरच्याने विश्वास ठेवावा, असा तो काळ. आता आमचे यंत्र जीमेलच्या दारात जाऊन नाव सांगते ‘लोकलहोस्ट’. आयपीवरून नाव शोधावे, तर डीएनएसमध्ये नोंद नाही. एसपीएफ नाही, डीकेआयएमची सही नाही. मुलीकडचे की मुलाकडचे हेही न सांगता येणाऱ्या पाहुण्याचे मांडवात जे होते, तेच होते: ५५० म्हणून बाहेर.

ज्या यंत्रांची वाट इंटरनेट कंपनीने पोर्ट २५ वरच अडवली, त्यांची कथा आणखी उदात्त. पोस्टफिक्स पत्र रांगेत ठेवतो आणि पाच दिवस खटपट करतो. मधेच कोणी यंत्र बंद करून दिवाळीला गावी गेला, तर इशाराही सुटीवर. मुदत संपली की ‘पत्र पोचले नाही’ असे पत्र पाठवणाऱ्याला जाते. आणि पाठवणारे कोण? आपणच, साहेब. तेही पेटीत पडून आहे.

वर्कस्टेशनने पोस्टमनकीची हौस सोडावी, एवढेच आमचे म्हणणे. संस्थेकडे एक मेल सर्व्हर आहे. त्याला नाव आहे, गाव आहे, सही आहे. ‘रिलेहोस्ट’ या एका ओळीत त्याचा पत्ता लिहावा, पोर्ट ५८७ वर टीएलएस आणि पासवर्डनिशी टपाल त्याच्या हवाली करावे, आणि बाहेरचे टपाल मुळी घेऊच नये. वीट्से व्हेनेमा यांनी घडवलेल्या पोस्टफिक्सच्या माहितीपत्रांत ही मांडणी ‘नल क्लायंट’ या नावाने आयती दिलेली आहे. रांग एका जागी, लॉग एका जागी. तिथेही ‘सेंट’ दिसले म्हणून हुरळू नये. पुढच्या सर्व्हरने पत्र हातात घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

हे सारे एका दुपारचे काम. घोडे अडले ते शेवटच्या ओळीवर. आपले टपाल कोणा जिवंत माणसाकडे वळवायचे, म्हणजे सर्व्हरवरच्या अलायसच्या फाइलीत आपल्या नावापुढे त्याचे नाव लिहायचे. त्यासाठी बैठक झाली. प्रत्येकाने शेजाऱ्याचे नाव सुचवले. अखेर जूनमध्ये निवृत्त झालेल्या साहेबांचे नाव एकमताने मंजूर झाले.

आपला आज्ञाधारक,
एक साधा यूजर