खंदकबहाद्दर सेनापतींना अनावृत पत्र

राजमान्य राजश्री सेनापती महोदय,
मुक्काम कुर्गानाचा माथा, दक्षिण युक्रेन, यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले. २०२२च्या फेब्रुवारीत आपले रशियन सैन्य सरहद्द ओलांडून आले आणि झापोरिझ्झियाच्या सपाट माळावर जो उंचवटा दिसला त्यावर मोर्चे बांधून बसले. तो उंचवटा निसर्गाने दिलेला नव्हता. माणसांनी आपल्या मृतांवर माती रचून केलेला तो कुर्गान होता, काही ठिकाणी पाच हजार वर्षांपूर्वीचा. इतकी जुनी स्मशानभूमी आपल्या तोफेच्या कामी आली, हे तिथल्या मृतांचे केवढे भाग्य!

आपल्या नजरेलाही दाद दिली पाहिजे. त्या माळावर चार-पाच मीटरांची उंचीसुद्धा कोसभर मुलूख दाखवते. आणि हे आपण अजाणतेपणी केले, असे म्हणून मी आपला अपमान करणार नाही. सोव्हिएत काळच्या नकाशांवर कुर्गानांची वेगळी खूण आहे, उंचीच्या आकड्यासकट. आपण कशावर चढत आहोत, हे आपल्याला पक्के ठाऊक होते.

उत्खननाबद्दल तर आपला जाहीर सत्कार व्हायला हवा. पुरातत्त्वज्ञांचे काम किती रेंगाळणारे! कुंचल्याने माती झाडायची, बोटभर थराची नोंद करायची, चित्र काढायचे, मग पुढचा थर. तळाशी पाच हजार वर्षांपूर्वीच्या यमनाया लोकांतला माणूस, उताणा, गुडघे वर घेतलेला, अंगावर गेरू. क्वचित शेजारी गाडीची लाकडी चाके. त्याच टेकाडात पुढे दोन-अडीच हजार वर्षांनी पुरलेला सिथियन, कधी घोड्यासकट. त्यानंतर आणखी कुणी भटके. सर्वांत खाली दबलेली मूळ जमीन, तिच्यात त्या काळच्या गवताचे परागकण. कोण आधी आला, कोण नंतर, काय खात होता, माळावर तेव्हा काय उगवत होते, हे सारे मातीच्या क्रमावरून कळते. आपल्या पोकलेनने आणि फावड्यांनी हा क्रमच मिटवून टाकला. आता आधी नाही, नंतर नाही, नुसता मातीचा ढीग आहे आणि त्यात हाडांचे तुकडे. किती वेळ वाचवलात!

नांगर फिरत नसल्यामुळे माळावरची मूळची रानफुले आणि गवते कित्येक ठिकाणी फक्त कुर्गानांच्या उतारावर टिकली होती. तीही खंदकात गेली. त्याबद्दल स्वतंत्र आभार.

सोन्याच्या बाबतीत मात्र आपले लोक किती हळुवार! मेलितोपोलच्या संग्रहालयात सिथियन दागिने होते, इसवी सनपूर्व चौथ्या शतकातले. कर्मचाऱ्यांनी ते तळघरात लपवले. आपल्या माणसांनी ते हुडकून काढले, आणि संचालिकेने सांगितले त्याप्रमाणे, पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थाने हातमोजे चढवून, चिमट्याने उचलून ते नेले. किमान १९८ सुवर्णवस्तू. म्हणजे जपून हाताळणे आपल्याला येते. सोन्याला चिमटा आणि मातीला पोकलेन, असा आपला न्याय आहे.

सोने निदान परत मिळू शकते. क्रिमियाच्या संग्रहालयांतले सोने ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनाला गेले आणि नऊ वर्षे तिथे अडकून अखेर २०२३मध्ये कीव्हला पोचले. १९७१मध्ये तोव्स्ता मोहिला या कुर्गानात बोरीस मोझोलेव्स्की यांना सापडलेला सोन्याचा कंठा, वजन सव्वा किलोच्या आत, जगाला माहीत आहे. त्यावर मेंढीचे दूध काढणारा माणूस आहे, कातड्याचा सदरा शिवणारे दोघे आहेत. पण मोझोलेव्स्की थर वाचत वाचत खाली उतरले होते, म्हणून तो कंठा कुणाचा, कशासाठी, हे विचारता येते. उकरलेल्या थराला कुठल्याही न्यायालयात दाद मागून परत आणता येत नाही. मला सर्वांत जास्त दुःख याचे आहे.

आपल्या निःपक्षपातीपणालाही वंदन. इझ्यूमजवळच्या क्रेमेनेत्स टेकडीवर पोलोव्त्सी लोकांच्या शेकडो वर्षांच्या दगडी मूर्ती होत्या. २०२२च्या माऱ्यात त्यांतली एक फुटली. दोनेत्स्क प्रांतातल्या सावूर-मोहिला टेकडीवर तर आपल्याच लाल सेनेचे स्मारक. २०१४मध्ये आपल्या पाठबळावर लढणाऱ्यांनी तिथे ठाणे मांडले, तोफा झडल्या आणि ऑगस्टमध्ये त्यावरचा स्तंभ कोसळला. आपल्या वाडवडिलांनाही आपण सूट दिली नाहीत.

युक्रेनच्या सैनिकांनीही काही टेकाडांवर खंदक खणले, असे आपण म्हणाल. खणले. तेही नुकसानच आहे. पण ते युद्ध त्यांच्या माळावर घेऊन कोण आले?

आम्हा मराठी माणसांना याचे काय, असेही विचाराल. सिथियनांचे पूर्वेकडचे भाईबंद शक आमच्याकडे आले; नाशिकच्या पांडवलेण्यांत शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. यमनायांच्या पूर्वेकडे पसरलेल्या वंशजांचा अंश आज असंख्य भारतीयांच्या रक्तात आहे, हे प्राचीन हाडांच्या अभ्यासातूनच कळले. आपल्या खंदकात जे फेकले गेले त्यात आमच्याही गोष्टीचे एखादे पान असू शकेल.

आपल्या देशाने १९५४चा हेग करार स्वीकारला आहे. अत्यंत निकडीची लष्करी गरज सोडली, तर सांस्कृतिक वारसा धोक्यात येईल असा त्याचा वापर करू नये, असे त्यात आहे. ही गरज आधी दुसऱ्याच्या देशात घुसून निर्माण करायची आणि मग तीच सबब पुढे करायची!

हिरोडोटसने लिहिले आहे की, सिथियनांच्या राजाने चालून आलेल्या इराणी सम्राट दारयवहूला निरोप धाडला होता: आम्हाला ना शहरे, ना शेते, फक्त वाडवडिलांची थडगी आहेत, ती शोधून मोडून पाहा, मग आम्ही लढतो की नाही ते कळेल. दारयवहू माघारी गेला.

आपणही जावे, महोदय. जाताना तोफा न्या, सुरुंग कुठे पेरलेत त्याचे नकाशे ठेवून जा, मेलितोपोलचे सोने परत पाठवा आणि जे कुर्गान अजून शाबूत आहेत त्यांवर पाय ठेवू नका.

कळावे.