सायकलस्वारांच्या अब्रूच्या राखणदारास

प्रति,
माननीय राखणदारसाहेब (स्वयंनियुक्त),
मुक्काम नळस्टॉप चौक, कर्वे रस्ता, पुणे.

विषय : सिग्नल तोडणाऱ्या सायकलवाल्यांना भर चौकात फैलावर घेण्याच्या आपल्या कार्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला मुळशी-पिरंगुटाकडून सायकलींचे तांडे पौड रस्त्याने परतू लागतात, तेव्हा आपण कामगिरीवर हजर असता. अंगात झगझगीत पोपटी जाकीट, हेल्मेटला चिकटवलेला इवलासा आरसा आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या वर्गात फिरणाऱ्या सुपरवायझरची कळा. कोणी लाल दिव्यातून सटकला की आपला आवाज चौकभर घुमतो, ‘ओ सायकल! तुमच्यासारख्यांमुळेच आपण सगळे बदनाम होतो!’ पगार नाही, शिट्टी नाही, पावतीपुस्तक नाही, तरी ही सेवा चालू आहे. आपले जाहीर आभार मानावेत म्हणून हे पत्र. सोबत दोन-चार शंकाही जोडल्या आहेत.

पहिली शंका अगदी साधी आहे. ज्याने सिग्नल तोडला तो पुढे गेला. आपण नियमाचे पक्के, म्हणून थांबलात. मग त्याला गाठायचे कसे? सिग्नलवरचा आकडा उलटा मोजत शून्याला येईपर्यंत तो गरवारे कॉलेजच्या मेट्रो स्टेशनखालून पार झालेला असतो. म्हणजे एक तर आपणही सिग्नल तोडून पाठलाग करायचा, नाही तर पाठमोऱ्या जर्सीला व्याख्यान द्यायचे. आपण मधला मार्ग काढलात. हिरवा पडताच जीव खाऊन पेडल मारायचे आणि डेक्कनला त्याला गाठायचे. तो तिथे सापडतो, कारण तिथे तो लाल दिव्याला थांबलेला असतो! दोन्ही चौकांत न थांबणारा आजवर आपल्या हाती लागलेला नाही. अर्धा नियम पाळणारा बोलणी खातो आणि पूर्ण मोडणारा घरी जाऊन पोहे खातो. आपल्या न्यायदानातली ही त्रुटी आपल्याही लक्षात आली असेल, पण बोलण्याच्या भरात राहून गेली असावी.

दुसरी गोष्ट अशी, की आपली नजर फार निवडक आहे. आकडा पाचवर आला की डावीकडची बुलेट धडधडत निघते, तिच्यामागे चार स्कूटर, त्यांच्यामागे उबरवाला, आणि दोनवर येईतो अर्धा चौक मोकळा झालेला असतो. त्या वेळी आपण पाण्याच्या बाटलीचे झाकण लावण्यात गुंतलेले असता. बुलेटवाल्याला ‘तुमच्यामुळे सगळे मोटारसायकलवाले बदनाम होतात’ असे सुनावताना आपल्याला कोणी पाहिलेले नाही. बरोबरच आहे. तो उतरून आला असता.

पण परवा आपण ज्याला अडवलेत तो रात्रपाळी संपवून निघालेला सुरक्षारक्षक होता. काळी जुनी सायकल, एका पेडलचे रबर गेलेले, कॅरियरच्या क्लिपमध्ये स्टीलचा डबा. आपण त्याला समाजातील सायकलस्वारांच्या प्रतिमेविषयी सांगत होतात. तो ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणत होता आणि त्याचे डोळे झोपेने मिटत होते. आपण सायकलस्वार आहोत, आपली एक जमात आहे आणि तिची अब्रू आपल्या हँडलवर टांगलेली आहे, हे त्याला त्या दिवशीच कळले असणार. तोवर तो नुसता कामावर जात-येत होता.

आपल्या अधिकाराचा उगम कायद्यात सापडतो का, तेही पाहिले. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ११९ वाहतुकीची चिन्हे पाळण्याचे बंधन मोटार वाहन चालवणाऱ्यावर घालते. २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा तोडणे हे कलम १८४ खाली ‘धोकादायक रीतीने वाहन चालवणे’ ठरले, तेही मोटार वाहनापुरते. पायाने चालणारी सायकल त्यात बसत नाही. चौकातला कॅमेरा नंबरप्लेट वाचून ई-चलान धाडतो, आणि आपल्याला प्लेटच नाही. म्हणून सायकलवाल्याला रान मोकळे आहे असे मुळीच नाही. रहदारीचे नियमन करण्याचे अधिकार पोलिसांना पोलीस कायद्याखाली आहेतच. एके काळी याच पुण्यात सायकलला महापालिकेचा बिल्ला लागे, आणि डबलसीट किंवा बिनदिव्याचा सायकलवाला दिसला की हवालदार त्याला उतरवून सरळ चाकातली हवा सोडून देई. ते खाते आता बंद पडले. रिकामी खुर्ची दिसली आणि आपण बसलात, इतकेच.

आता आपल्या मुख्य सिद्धांताकडे येतो. आपले म्हणणे असे, की आपण सिग्नल पाळले तर मोटारवाले आपला मान राखतील आणि महापालिका आपल्याला रस्ते देईल. फार गोड विचार आहे. स्वारगेट-कात्रज आणि स्वारगेट-हडपसर या बीआरटीच्या रस्त्यांवर सायकल मार्ग आखले गेले, तेव्हा सायकलवाले आजच्यापेक्षा काही वेगळे वागत नव्हते. पुढे त्या मार्गांवर चारचाक्या लागल्या, हातगाड्या आल्या, कुठे विजेची पेटी मधोमध उगवली. यातले काहीही कोणी सिग्नल तोडला म्हणून घडले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास औंधात आणि विद्यापीठात भाड्याच्या रंगीत सायकली अवतरल्या, काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. आराखडा कागदावर सुखरूप आहे. उलट मार्च २०२२ मध्ये आपल्याच नळस्टॉपचा उड्डाणपूल खुला झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकाचा झाला. दोन्ही वेळा मोटारवाल्यांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागितल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. दाखला फक्त आपण मागता, तोही आपल्याच माणसांकडून.

निष्पक्षपातीपणासाठी आपल्या विरोधी पक्षाचाही समाचार घेतो. या पक्षाला मी आयडाहोवाले म्हणतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ सालीच सायकलींना सवलत दिली, हे यांना तोंडपाठ असते. स्टॉपच्या पाटीला वेग कमी करून जाता येते आणि लाल दिव्याला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असेल तर निघता येते. पॅरिसमध्ये ठरावीक सिग्नलखाली छोटी त्रिकोणी पाटी असते, त्या दिशेला सायकल लाल दिव्यातूनही जाऊ शकते. सगळे खरे आहे. पण या मंडळींच्या पाठांतरातून ‘पूर्ण थांबून’ हे दोन शब्द नेमके गळतात आणि पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, ही पॅरिसच्या पाटीची अटही गळते. थांबायचे म्हणजे पेडलमधून बुटाची क्लीट सोडवा, पाय टेका, पुन्हा निघताना खट् करून अडकवा. तेवढे कष्ट वाचवण्यासाठी माणूस आयडाहोपर्यंत जाऊन येतो, याची मला गंमत वाटते.

आणि इथेच, राखणदारसाहेब, आपली खरी चूक सांगायला हवी. एका रविवारी आपण ज्या निळ्या जर्सीवाल्यावर ओरडलात त्याच्या पुढ्यात झेब्रावर एक आजी होत्या. एका हातात भाजीची पिशवी, बाहेर डोकावणारी मेथीची जुडी. त्यांनी मुकाट्याने वाट पाहिली होती, चालणाऱ्या माणसाचा दिवा हिरवा झाल्यावर बसच्या पुढून पाऊल टाकले होते. बस आणि फूटपाथ यांच्या फटीतून सायकल आली. सायकलला आवाज नसतो. आजींना ती दिसली तेव्हा हातभर अंतरावर होती. त्या जागीच थिजल्या, पिशवीचा हात वर गेला. जर्सीवाला वळण घेऊन गेला. आपण आपले ठरलेले वाक्य ओरडलात, सायकलवाल्यांच्या बदनामीचे. आजींच्या वतीने कोणी काही बोलले नाही. रस्ता ओलांडून त्या बराच वेळ कट्ट्याला धरून उभ्या होत्या, आपण तोवर डेक्कनच्या दिशेने पाठलागावर गेला होतात.

लाल दिव्याला थांबायचे ते त्या आजींसाठी. आपल्या अब्रूशी त्याचा काही संबंध नाही. रिकाम्या चौकात कोणी सुटला तर तो नियम मोडतो, त्याचे काय करायचे ते पोलीस पाहतील. झेब्रावर माणूस असताना कोणी घुसला तर मात्र जरूर ओरडा, माझाही आवाज त्यात मिळवीन. पण ओरडायचे ते ‘अहो, माणूस आहे!’ असे.

बाकी समज द्यायची हौस असेल तर तिला जागा आहे, फक्त ती चौकात नाही. रविवारच्या तांड्याची रीत आपण जाणता. पुढचा पिवळ्यात निघतो आणि मागचे पंधरा जण लालमध्ये त्याच्यामागे जातात, कारण मागे राहिला तो एकटा पडला, मग वारा एकट्याने खायचा. पुढच्याने हात वर करून ‘स्टॉप’ म्हटले की तेच पंधरा जण मुकाट पाय टेकतात. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते आणि तरीही रहदारीचे नियम पाळणे बंधनकारक असते. तिथे आपले हेच वीर शिस्तीत वागतात, पदक हवे असते ना. तेव्हा बोलायचे ते त्या पुढच्याशी, मिसळीच्या टेबलावर, तर्री मागवून झाल्यावर, नाव घेऊन. तो आपल्या ग्रुपचा ॲडमिन आहे, आपल्या फोटोंना पहिला अंगठा त्याचाच येतो आणि म्हणून आजवर आपण त्याला एक शब्द बोललेला नाहीत. अनोळखी वॉचमनला झापण्यापेक्षा हे अवघड आहे, मान्य.

तरी विनंती अशी, की येत्या शनिवारी रात्री ग्रुपवर निघायची वेळ आणि भेटायची जागा टाकाल तेव्हा खाली एवढी ओळ जोडा : झेब्रावर माणूस दिसला की पुढचा थांबेल, म्हणजे सगळे थांबतील. ॲडमिन रागावला तर माझे नाव सांगा. आणि डबेवाल्या काळ्या सायकलीला घरी जाऊन झोपू द्या.

कळावे,
आपला,
डाव्या कडेने जाणारा एक सायकलवाला