बेअरिंगची पिढीजात उन्नती

पोर्शे ९११ या मोटारीची प्रगती पिढ्यांनी मोजली जाते. १९९७ साली आलेल्या ९९६ पिढीच्या साध्या मॉडेलांत इंजिनाच्या मधल्या शाफ्टला एक छोटे सीलबंद बेअरिंग असते. ते गेले की टायमिंग बिघडते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची समोरासमोर भेट होते आणि इंजिन भंगाराच्या भावात मोजावे लागते. ही जोखीम टाळण्यासाठी जाणकार मालक ९९६ विकून जुनीच, पण २००४ नंतरची ९९७ घेतो. निर्णय दूरदर्शी आहे. या पिढीत बेअरिंग लवकरच मोठे करण्यात आले. इतके मोठे, की इंजिन पूर्ण उकलल्याशिवाय ते बाहेरच येत नाही. जे काढताच येत नाही, त्याची काळजी करण्यात अर्थ नाही. शिवाय ३.८ लिटर इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याची सोयही अधिक उदार आहे. २००८ साली आलेल्या इंजिनातून तो शाफ्टच वगळला गेला, आणि मालकांच्या गप्पांचा मोठा विषय संपला.

तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार आयात करण्यास भारतात सर्वसाधारणपणे मुभा नाही. त्यामुळे बेअरिंगचा हा धोका मुंबई-पुण्यातच हातोहात फिरतो. स्वदेशीचे इतके निष्ठावान पालन दुर्मिळच.

काळजी टाळण्याचे हेच तत्त्व पुढे नेल्यास खरेदीदाराने थेट बंद पडलेले इंजिनच घ्यावे. त्याचे बेअरिंग जाण्याची भीती उरत नाही.

नावाने पोर्शेच्या जवळचे असूनही मोखाडा तालुक्यातील पोशेरा गाव या बाबतीत मागासलेले आहे. जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या जीपचे बेअरिंग गेले, तर तिकडे अजून बेअरिंगच बदलतात.