उपलब्ध आहे का?

आमच्या घरात एक गोदरेज आहे. म्हणजे पोलादी कपाट. ते प्रत्यक्षात गोदरेजचं नाही, नाना पेठेतल्या कुठल्याशा फॅब्रिकेटरने केलेलं आहे. पण जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा, तसं मराठी घरात पोलादी कपाटाला गोदरेज. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, एका दारावर आरसा, आणि हँडल फिरवलं की शेजारच्यांना कळावं असा खटका. नव्या फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं आली आणि याची अडगळ झाली. मी चार फोटो काढले, 'उत्तम स्थितीत, 6,000 रुपये' असं लिहिलं आणि जाहिरात ऑनलाइन टाकून दिली.

पहिला निरोप सात मिनिटांत आला. 'उपलब्ध आहे का?' मी उत्साहाने 'हो, आहे!' लिहिलं. तेव्हापासून तो माणूस उपलब्ध नाही. दोन दिवसांत असे चौदा जण विचारून गेले. पुढे कळलं की हे वाक्य कोणी टाइपसुद्धा करत नाही. त्याचं तयार बटणच असतं. माणूस गादीवर कुशीवर वळला तरी जात असावं.

दुसरी जमात 'लास्ट किती?'वाल्यांची.

'लास्ट किती?'

'5,500.'

'तसं नाही, लास्ट लास्ट.'

'बरं, 5,000.'

'ठीक. घरी विचारून सांगतो.'

या 'घरी'चा पत्ता मला अजून लागलेला नाही. एका गृहस्थांनी मात्र फार आपुलकीने चौकशी केली. पत्रा किती गेजचा, आतले कप्पे पत्र्याचेच ना, वजन किती भरेल. एवढा रस घेणारा भेटला म्हणून मीही फुशारकीने 'ऐंशी किलो तरी असेल' म्हणालो. ते म्हणाले, "मग पंचवीस रुपये किलोने दोन हजार होतात. टेम्पो घेऊन येऊ?" भंगारवाल्याशी पत्र्याच्या गेजवर आपण अर्धा तास गप्पा मारल्या, हे मी घरात अजून सांगितलेलं नाही.

मग आले फौजी. 'आर्मीत आहे, बदली झाली, सामान बघायला यायला वेळ नाही, 6,000 मंजूर.' ताबडतोब क्यूआर कोड आला. 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात.' पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायला लागतो, एवढं मला ठाऊक होतं म्हणून वाचलो. पण संशय त्याआधीच यायला हवा होता. पुण्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटी करून, देठ बघून घेतात. कपाट न बघता कोण घेईल? शिवाय माझ्याशी एका रुपयाची घासाघीस न करणारा एकमेव ग्राहक चोर निघाला, हे मनाला लागलं.

शेवटी रविवारी एक कुटुंब प्रत्यक्ष आलं. नवरा, बायको, सासूबाई आणि एक मुलगा, जो लगेच कपाटात शिरला. सासूबाईंनी आरशात आधी स्वतःला बघितलं, मग आरसा बघितला. "याला डाग आहे." नवऱ्याने लॉकरची किल्ली सात वेळा फिरवली. बायकोने तळाशी बोट फिरवून मला गंज दाखवला. मी अपराध्यासारखा उभा. चहा झाला, पोहे झाले. "साडेतीन हजार देऊ," नवरा म्हणाला.

मी 'हो' म्हणणार, तेवढ्यात आतून आई आली.

माझ्या लहानपणी दारात बोहारीण यायची. आई आधी फाटके परकर, विटके शर्ट पुढे टाकायची. बोहारीण "यात काय येतंय बाई" म्हणत वाटी दाखवायची. मग आई सगळं गोळा करून "राहू दे, मला द्यायचंच नाही" म्हणत उठायची. दाराशी पोचेपर्यंत वाटीचं पातेलं झालेलं असायचं.

आईने कपाटाला पाठ टेकवली आणि म्हणाली, "मला नाही द्यायचं हे. याचाच हट्ट चाललाय."

सासूबाई चपापल्या. नवरा म्हणाला, "चार देऊ." आई गप्प. "बरं, साडेचार. हमालीपण आमची." आई म्हणाली, "माझ्या लग्नातलं आहे." मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. नवऱ्याने बायकोकडे बघितलं, बायकोने सासूबाईंकडे. "पाच हजार. आत्ता, रोख."

मी आईला डोळ्यांनी खूण केली. आता पातेलं घे! आईने कपाटातून त्यांच्या मुलाला बाहेर काढलं, त्याच्या हातावर वडी ठेवली आणि दार लावून घेतलं. खटका झाला. "सांगितलं ना, नाही द्यायचं."

मंडळी गेल्यावर मी म्हणालो, "आई, ताणायचं पण किती!"

"कोण ताणतंय?" आई म्हणाली आणि आरशावरचा डाग पदराने पुसायला लागली.

कपाट आता हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभं आहे. जाहिरात काढून टाकायची राहूनच गेली. काल रात्री साडेअकराला फोन वाजला. 'उपलब्ध आहे का?'

मी लिहिलं, 'घरी विचारून सांगतो.'