अवंतीचा मध्यान्ह आणि परिषदेचे वेळापत्रक

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येते असे सॉफ्टवेअर, घडवणारी मंडळी परवान्यातील एका स्वल्पविरामासाठी आठवडाभर वाद घालू शकतात. परिषदेचे वेळापत्रक आखायची वेळ आली की मात्र तीच मंडळी एकाएकी दैववादी होतात. पुण्यात २०११ च्या सप्टेंबरात पायकॉन इंडिया आणि नोव्हेंबरात फेडोरा प्रकल्पाची फडकॉन भरली, २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला आली, परंतु या नकाशावर उज्जैनचे नाव अजून ठळक झालेले नाही. वेळ न पाळण्याला शास्त्राधार पुरवू शकणारे देशातले एकमेव शहर असे बाजूला पडावे, हा सरळसरळ अन्याय आहे.

प्राचीन सिद्धान्तग्रंथांनी मूळ रेखावृत्त, म्हणजे ज्यापासून अन्य स्थळांची वेळ मोजायची ती रेषा, उज्जैनवरून, म्हणजे प्राचीन अवंतीवरून, नेली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने येथे वेधशाळा उभारली, माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार पाहिला. भारतीय प्रमाणवेळ मात्र ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि उज्जैन त्याच्या पश्चिमेस पावणेसात अंशांच्या आसपास असल्यामुळे, दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने, तेथील स्थानिक वेळ सुमारे सत्तावीस मिनिटे मागे पडते. दहाला जाहीर झालेले उद्घाटन दहा सत्तावीसला सुरू झाले, तर आयोजकांना दोष न देता सम्राट यंत्राकडे, म्हणजे तेथील भव्य सूर्यघड्याळाकडे, बोट दाखवावे. प्रमुख पाहुणे सव्वाअकराला आले तर हा आधार अपुरा पडतो हे खरे, पण पाहुण्यांचे रेखावृत्त त्यांच्या गाडीबरोबर सरकते, असे मानण्यास प्रत्यवाय नसावा.

संगणकांच्या जगात कोणत्या प्रदेशात किती वाजले हे सांगणारी क्षेत्रवेळांची सारणी स्वयंसेवकांनीच सांभाळलेली आणि सार्वजनिक मालकीची आहे. भारतासाठी तिच्यात ‘एशिया/कोलकाता’ अशी नोंद आहे. ‘एशिया/उज्जैन’ अशी वेगळी नोंद हवी असेल, तर १९७० नंतर त्या गावची घड्याळे शेजाऱ्यांपेक्षा वेगळी चालल्याचा पुरावा द्यावा लागतो. गावोगावच्या उद्घाटन समारंभांची चलचित्रे या कामी पुरेशी ठरावीत, फक्त मग प्रत्येक गाव आपापली नोंद मागेल.

उज्जैनमध्ये २९ फेब्रुवारी २०२४ रोजी वैदिक घड्याळाचे उद्घाटन झाले असून ते एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त मोजते. या मानाने कार्यशाळेला, म्हणजे श्रोत्याने नुसते न ऐकता स्वतः हात चालवण्याच्या सत्राला, दोन मुहूर्त, म्हणजे शहाण्णव मिनिटे, द्यावीत. ‘अमुक सॉफ्टवेअर आधीच बसवून यावे’ ही सूचना महिनाभर आधी पाठवली जाते, ती सर्वांना मिळते आणि तिचे पालन कोणीही करत नाही. त्यामुळे पहिला मुहूर्त सर्वांनी एकाच वायफायवरून तीच फाइल उतरवण्यात जातो. सभागृहातच त्या फायलींची प्रत ठेवणारा स्थानिक सर्व्हर उभारावा हा उपाय जुना आहे, आणि तो दर वर्षी समारोपानंतरच्या बैठकीत नव्याने सुचतो. दुसऱ्या मुहूर्ताचा अर्धा भाग प्रोजेक्टरला जोडायच्या केबलच्या शोधात सरतो व उरलेल्या चोवीस मिनिटांत, म्हणजे एका घटिकेत, वक्ता दीडशे पारदर्शिका पुढे सरकवतो. हीच कार्यशाळा जेवणानंतर ठेवली असेल आणि जेवणात दाल-बाफले, म्हणजे तुपात बुडवलेले कणकेचे माळवी गोळे, असतील, तर वायफाय चालले काय किंवा न चालले काय, फरक पडत नाही.

वेळापत्रक आखण्यासाठी प्रीटॅल्क्ससारखी मुक्त सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत. एकच वक्ता एकाच वेळी दोन दालनांत बोलणार असेल तर प्रीटॅल्क्स सावध करते. मात्र शाल-श्रीफळ नेमक्या किती जणांना द्यायचे आहे, हे त्याला विचारण्याची सोय नाही. त्या सत्कारांत गेलेला वेळ अखेर विद्युत्‌वेगी भाषणांतून, म्हणजे नवख्यांसाठी राखलेल्या पाच-पाच मिनिटांच्या सत्रांतून, वसूल केला जातो, कारण साडेबारा पळे, म्हणजे तीच पाच मिनिटे, बोलणाऱ्या विद्यार्थ्यामागे प्रायोजक नसतो. मोठ्या वक्त्यांचा क्रम मात्र सिंहस्थातील आखाड्यांच्या स्नानक्रमाइतका नाजूक असल्याने त्याला कोणी हात लावत नाही.

प्रीटॅल्क्समध्ये प्रत्येक बदलानंतर वेळापत्रकाची नवी आवृत्ती प्रसिद्ध करता येते, आणि येथे आयोजकांची प्रतिभा खरोखर फुलते. शेवटची आवृत्ती परिषद संपल्यावर सायंकाळी काढली, की छापील आणि घडलेल्या वेळांत एका मिनिटाचाही फरक राहत नाही. प्रायोजकांना पाठवायच्या अहवालाला तीच जोडावी.