तीन स्ट्रायकर आणि रिकामी डावी बाजू

प्रति,
माननीय संघनिवड प्रमुख,
आपल्या तालमीचा फुटबॉल संघ, कोल्हापूर



हंगाम संपला, शाहू स्टेडियमची गॅलरी शांत झाली, आणि आपल्याला चार ओळी लिहायला सवड मिळाली. सहा महिने आपण इतके धावपळीत होतात की आपले आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानतो. पत्र उघडं ठेवलंय, कारण तालमीच्या पैशाला गल्लीतल्या प्रत्येक घराचा हात लागलेला आहे. वर्गणी सगळ्यांच्या देखत घेतली जाते, तर आभारही सगळ्यांच्या देखत मानलेले बरे.

पहिले आभार तीन स्ट्रायकरांचे. नोंदणीची मुदत संपत आली त्या आठवड्यात आपण ते एकामागून एक उभे केलेत. दोघे परराज्यातले, एक परदेशी. तालमीच्या कट्ट्यावर आपण मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवलात. चार मिनिटांत गोलच गोल. मैदान कुठलं, समोरचा संघ कोण, साल कुठलं, यातलं काहीच त्यात दिसत नव्हतं. मी विचारलं, तेव्हा आपण माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "काका, निवांत ऱ्हावा. यंदा कप आपलाच हाय." एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या आपुलकीने धीर द्यावा, याचं मला त्या वेळी खरंच बरं वाटलं होतं.

दुसरे आभार आपल्या काटकसरीचे. आपला लेफ्ट बॅक गल्लीतलाच पोरगा. गांधी मैदानावर पाऊस पडून तळं झालं की कडेच्या हातभर कोरड्या पट्टीत पास मारत बसणारा. नऊ वर्षं आपला शर्ट अंगात. त्याने यंदा मागितलं काय? एक बुटाचा जोड आणि गुडघ्यावरच्या उपचारांचा खर्च. आपण हिशेबाचे पक्के. "बजेट न्हाई" म्हणून त्याला नम्रपणे वाटेला लावलंत. तो दुसऱ्या पेठेच्या संघात गेला. तिथे त्याला बूटही मिळाले आणि गुडघाही बरा झाला. त्याच्या आईच्या वतीनेही आपले आभार मानतो, कारण पोराचं भलं झालं हे खोटं नाही.

त्याच्या जागी आपण उजव्या पायाचा एक हाफ उभा केलात. मी गॅलरीत नेमका त्या बाजूला बसतो. बॉल आला की तो बिचारा अंग वळवून उजव्या पायावर घ्यायचा. एवढ्या एका वळणात समोरचा विंगर त्याला ओलांडून गेलेला असायचा. प्रत्येक सामन्यात हेच. स्ट्रायकर सेंटर लाइनवर कमरेवर हात ठेवून उभे, आणि गोल आपल्या डाव्या अंगाने आत येतोय. त्या पोराला गॅलरीतनं शिव्या बसल्या. त्याची चूक काय होती? आपण त्याला जिथे उभं केलंत तिथे तो इमानदारीने उभा राहिला.

परदेशी पाहुण्याबद्दल तर आपला शतशः ऋणी आहे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तो तालमीच्या पायरीवर एकटाच बसला होता. एका खोलीत तिघे, दोन गाद्या, आणि मागच्या महिन्याचे पैसे अजून यायचे होते. मी चहा सांगितला. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलता बोलता तो म्हणाला, "अंकल, मैं स्ट्रायकर नहीं, विंगर हूँ. किसी ने पूछा नहीं." डाव्या बाजूचा विंगर! आमचं सगळं घर डाव्या बाजूने गळत होतं, आणि त्या बाजूचा माणूस आपण विकत आणून मध्ये उभा केला होता. हजारो मैलांवरून आलेल्या पोराला "बाळा, तू खेळतोस कुठे" एवढंही न विचारता कामाला लावलं, हे ऐकून मला चहा गिळवेना. गॅलरीत त्यालाही "फुकट खातोय" म्हणाले. तो एप्रिलआधीच परत गेला. शेवटचे पैसे त्याला मिळाले का, हे आपणच सांगू शकता.

आपल्या विद्वत्तेचेही आभार मानले पाहिजेत. वार्षिक सभेत एकाने खर्च विचारला, तेव्हा आपण ब्रेंटफर्डचं उदाहरण दिलंत. लंडनचा तो छोटा क्लब, पोरं घडवत बसला नाही, बाहेरून खेळाडू आणले आणि प्रीमियर लीगमध्ये गेला. आपण सांगितलं नसतं तर मी या वयात ब्रेंटफर्डच्या वाटेला गेलो नसतो. नातवाला शेजारी बसवून सगळं वाचून घेतलं. आपण म्हणालात ते खरं निघालं. 2016 मध्ये त्यांनी अकादमी बंद केली, कारण घडवलेली पोरं धनदांडगे क्लब किरकोळ भरपाईत उचलून नेत होते.

पुढचं सांगायला सभेत आपल्याला वेळ मिळाला नसावा. इतर क्लबांनी सोडून दिलेल्या तरुण पोरांचा त्यांनी 'बी' संघ उभा केला. खेळाडू घ्यायच्या आधी त्याची बारीक आकडेमोड केली. ऑली वॉटकिन्सला 2017 मध्ये चौथ्या पातळीवरच्या एक्सिटर सिटीकडून सुमारे 18 लाख पौंडांना घेतलं. आधी त्याला बाजूने खेळवलं, पारखलं, मग 2019-20 च्या हंगामात मधला स्ट्रायकर केलं. 2020 मध्ये ॲस्टन व्हिलाने त्याच्यासाठी 2 कोटी 80 लाख पौंड मोजले. पुढच्याच वर्षी ब्रेंटफर्ड 74 वर्षांनी पहिल्या पातळीवर पोचला. म्हणजे विंगरला त्यांनीही स्ट्रायकर केलं, साहेब. पण तो विंगर आहे हे त्यांना ठाऊक होतं.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? मुंबई एफसीने 2016 मध्ये सात वर्षं प्रशिक्षक असलेल्या खालिद जमीलला निरोप दिला. तो मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेला. आयझॉल त्याच वर्षी आय-लीगमधून खाली घसरलेला, नंतर कसाबसा पुन्हा आत घेतलेला क्लब. जमीलने काय केलं? मुंबईत जवळून पाहिलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे तिकडे बोलावले. बाकी बरीचशी स्थानिक मिझो पोरं. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँग लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी करून आयझॉल भारताचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. तिजोरी लहान होती म्हणून आयझॉलवाले रडत बसले नाहीत. ज्या खेळाडूची सवय, स्वभाव आणि जागा माहीत आहे तोच घ्यायचा, एवढं त्यांनी पाळलं. कमी पैशाच्या घरात बाजाराला जाताना आई पिशवीआधी डबे उघडून बघते, तांदूळ संपलाय की डाळ. आपल्या घरात डाळ संपली होती आणि आपण तीन पोती तांदूळ आणलात.

मोठी नावं आणून काय होतं, ते पुण्यानेही पाहिलंय. बालेवाडीत एफसी पुणे सिटीकडे 2014 ला ट्रेझेगे आला, 2015 ला मुटू. 2019 मध्ये क्लबचा कारभारच आटोपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. गॅलरीतली माणसं मात्र पुण्यातच राहिली. ती कुठे जाणार?

आपण नेहमी म्हणता की पाठीराख्यांच्या अपेक्षा फार. आमच्या मनाची एवढी काळजी वाहिल्याबद्दल धन्यवाद. पण एकदा विचारून तरी बघायचं होतंत. 16 संघांत कप एकालाच मिळतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी बऱ्याच वर्षांत कप पाहिलेला नाही, तरी एकही सामना चुकवलेला नाही. आम्हाला हवंय ते इतकंच: मैदानात उतरलेल्या अकरांपैकी सहा-सात चेहरे ओळखीचे असावेत, प्रत्येक जण आपल्या जागेवर असावा, आणि हरलो तर का हरलो हे कुणीतरी कट्ट्यावर येऊन तोंडाने सांगावं. अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला, तेव्हा सगळ्या पेठांची छाती सारखीच फुगली. रिक्षावाल्याचा पोरगा, आपल्या गावचा. तो कुठल्या गल्लीचा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या एका नऊ वर्षांच्या पोराचा शर्ट आपल्याला एकदा दाखवायचाय. डिसेंबरात त्याने पाठीवर पहिल्या स्ट्रायकरचं नाव चिकटवून घेतलं. तो संघाबाहेर बसला. मग दुसऱ्याचं. तो जानेवारीत निघून गेला. मग आपल्या पाहुण्याचं. आईने प्रत्येक वेळी इस्त्री फिरवून अक्षरं सोलून काढली. आता पाठीवर तीन नावांच्या डिंकाचे काळपट डाग आहेत, त्यांवर मैदानाची धूळ चिकटते, आणि धुतलं तरी ती निघत नाही. शेवटच्या सामन्याला त्याने मला विचारलं, "आजोबा, आता कुणाचं टाकू?" मला उत्तर देता आलं नाही. ते आपण द्यावं, ही हात जोडून विनंती.

आणखी एक विनंती आहे. पुढच्या नोंदणीआधी एका संध्याकाळी तालमीत दिवा लावून बसू. वहीत आधी अकरा जागा लिहू, कुठली भरलेली, कुठली रिकामी. त्यापुढे आपल्याच पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची नावं लिहू. ती पोरं रोज पहाटे येतात, आपण येत नाही म्हणून आपल्याला दिसत नाहीत. मग उरलेल्या जागांसमोर पैसे लिहू. बाहेरचा आणायचा तर जरूर आणू, पण त्याचे दोन अख्खे सामने बघून, त्याला त्याची जागा विचारून, आणि त्याचा पगार आधी बाजूला काढून. मी माझी वर्गणी त्या दिवशी आगाऊ आणीन.

आणि त्याआधी लेफ्ट बॅकच्या घरी जाऊन या. घर आपल्याला माहीत आहे, तालमीच्या मागचं तिसरं. पोरगा सातला कामावरून येतो.

आपला नम्र,
एक जुना वर्गणीदार