हयातीचा दाखला

टीव्हीला जोडायच्या स्ट्रीमिंग स्टिकचा रिमोट जरा निरखून पाहावा. वर चालू-बंदचं बटण, मध्ये बाण, कडेला आवाज. आणि खाली, अंगठा आपसूक जाईल अशा मोक्याच्या जागी, तीन-चार बटणं थेट कंपन्यांच्या नावाची. ग्राहकाची केवढी काळजी, असं वाटून भोळ्या माणसाचा ऊर भरून येतो. रोकू ही या धंद्यातली मोठी अमेरिकन कंपनी. 2017 मध्ये शेअर बाजारात उतरताना तिनं जी कागदपत्रं सादर केली, त्यांत रिमोटवरच्या या बटणांची विक्री ही कमाईची एक बाब म्हणून चक्क नोंदवलेली आहे. म्हणजे रिमोटचे पैसे ग्राहक देतो, पण त्यावरची जागा आधीच दुसऱ्याला विकलेली असते. मुंबईत हेच फ्लॅटच्या बाबतीत झालं तर पोलिसांत तक्रार होते.

रोकूच्या काही जुन्या रिमोटांवर आर्डिओ नावाच्या गाण्यांच्या सेवेचं बटण होतं. ही सेवा 2015 मध्ये दिवाळं निघून बंद पडली. बटण राहिलं. दुकान बुडालं, पाटी मात्र घरोघरी शाबूत.

मराठी घरांत ही उपकरणं आली ती मुक्तिदात्याच्या थाटात. ऐंशीच्या दशकात भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर तीन सिनेमे उरकणारी, मधेच पडद्यावर मुंग्या आल्या की हेड पुसणारी पिढी पुढे केबलवाल्याच्या स्वाधीन झाली. 2019 मध्ये ट्रायनं सांगितलं, हव्या त्याच चॅनेलचे पैसे भरा. मूळ आकार 130 रुपये अधिक जीएसटी, वर पसंतीच्या चॅनेलांचं वेगळं. त्या याद्या करताना घराघरांत जी भांडणं झाली, ती वाटणीच्या वेळीही झाली नसतील. तोवर गुगलचं क्रोमकास्ट (2014 च्या अखेरीस 2,999 रुपयांना) आणि ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक (2017 मध्ये 3,999 रुपयांना) भारतात येऊन स्थिरावली होती. एकदाच पैसे भरा, केबल कापा आणि सुखानं सिनेमे बघा, असा एकंदर समज होता.

‘एकदाच’ हे त्यातलं सर्वांत विनोदी.

कारण स्टिक विकून पैसे मिळवणं हा यांचा मुख्य धंदाच नव्हे. रोकू अलीकडची काही वर्षं आपली उपकरणं तोट्यात विकते आणि कमाई करते ती जाहिराती आणि सेवांवर. तोट्यात विकणारा दुकानदार पाहिला की तुळशीबागेत मुरलेली बाई दोन पावलं मागे सरते; इंटरनेटवर मात्र तीच बाई सेलची वाट बघत बसते. 2023 च्या अखेरीस फायर टीव्हीनं नवी रीत आणली. टीव्ही लावून क्षणभर कुणी बटण दाबलं नाही, की वरच्या पट्टीतली जाहिरात आपणहून पूर्ण पडदा व्यापून सुरू होते. चष्मा शोधणाऱ्या आजोबांना ही शिक्षा रोजची.

वर्गणीचीही तीच तऱ्हा. जाहिराती नकोत म्हणून लोक केबल सोडून प्राइम व्हिडिओकडे गेले. 17 जून 2025 पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर वर्षाला 699 रुपये किंवा महिन्याला 129 रुपये जादा. आधी शांततेचे पैसे, मग गोंगाट, मग पुन्हा शांततेचे पैसे. केबलवाल्याला हे सुचलं नाही, म्हणून तो बिचारा महिन्याच्या एक तारखेला जिने चढत राहिला.

इतकं करून सिनेमा बघायचा तर आधी तो सापडायला हवा. समजा आजोबांना ‘श्वास’ पुन्हा बघायचाय, 2004 चा, भारतातर्फे ऑस्करला गेलेला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची चौकट उघडते. बाण दाबत दाबत एस. उलट फिरून एच. मग डब्ल्यू, की व्ही? नातवाचं मत वेगळं, सूनबाईंचं वेगळं. ए एकदा की दोनदा, यावर चहा निवतो. तेवढ्यात अंगठा घसरतो आणि भलत्याच कोरियन मालिकेचा पहिला भाग सुरू होतो. बघता बघता आजोबा तिसऱ्या भागावर असतात.

याही पलीकडची गंमत 9 मार्च 2025 च्या सुमारास जगभर झाली. 2015 मधलं दुसऱ्या पिढीचं क्रोमकास्ट घरोघरी एकाएकी रुसलं. वायर शाबूत, वाय-फाय शाबूत, वीजही होती. झालं होतं इतकंच, की उपकरणाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. पेन्शनरानं नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही, की तो खिडकीसमोर धडधाकट उभा असला तरी कागदोपत्री गेलेलाच, तसं. फरक एवढाच, की इथे दाखल्याची तारीख विसरला तो खुद्द साहेब, आणि पेन्शन अडली घरोघरच्या प्रेक्षकांची. गुगलनं कळवलं, दुरुस्ती करतोय, तोवर फॅक्टरी रिसेट करू नका. पण बिघडलेली वस्तू आधी आपटून आणि मग रिसेट करून बघणं हा मनुष्यधर्म आहे. ज्यांनी तो निष्ठेनं पाळला, त्यांना इतरांपेक्षा जास्त थांबावं लागलं.

तरी क्रोमकास्ट काही दिवसांत शुद्धीवर आलं. रोकूच्या पहिल्यावहिल्या डब्यांचं नशीब तेवढंही नव्हतं. टीव्हीला जोडायचा हा डबा मुळात नेटफ्लिक्सनं स्वतःसाठी घडवला होता. पण आपणच डबे विकू लागलो तर इतर कंपन्या बिचकतील, म्हणून नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी ऐनवेळी तो रोकूच्या ओटीत घातला. 2008 च्या मे महिन्यात तो 99 डॉलर 99 सेंटला बाजारात आला आणि तेव्हा त्यावर दिसायचं ते फक्त नेटफ्लिक्स. 1 डिसेंबर 2019 पासून रोकूच्या त्या सुरुवातीच्या अनेक डब्यांवर नेटफ्लिक्स लागेनासं झालं. डबे धडधाकट होते. पडद्यावर सूचना आली, की तांत्रिक मर्यादांमुळे ही सेवा या उपकरणावर मिळणार नाही; चालणाऱ्या उपकरणांची यादी आमच्या संकेतस्थळावर पाहावी.